जैन हवाला प्रकरण

जैन हवाला प्रकरण (हवाला घोटाळा किंवा जैन डायरी प्रकरण) हे भारतातील १९९० च्या दशकातील एक गाजलेले राजकीय व आर्थिक प्रकरण आहे. मे १९९१ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने (सीबीआय) दिल्लीत घातलेल्या छाप्यांत जैन बंधू या उद्योजकांशी संबंधित डायऱ्या, वह्या व फायली हाती लागल्या. त्यांत आद्याक्षरे व संक्षिप्त आकडे यांच्या स्वरूपात मोठ्या रकमांच्या नोंदी होत्या. सीबीआयने लावलेल्या अर्थानुसार १९८८ ते १९९१ या काळात ११५ व्यक्तींना सुमारे ६५ कोटी ४७ लाख रुपये देण्यात आले होते. या व्यक्तींमध्ये सत्ताधारी व विरोधी अशा दोन्ही बाजूंचे नेते आणि वरिष्ठ सरकारी अधिकारी होते.

या प्रकरणामुळे १९९६ च्या आरंभी अनेक केंद्रीय मंत्र्यांना व दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. मात्र न्यायालयात नोंदींना आधार देणारा स्वतंत्र पुरावा उभा राहू शकला नाही आणि आरोपी नेते आरोपमुक्त झाले. या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाचे दोन महत्त्वाचे निर्णय पुढे आले. ‘विनीत नारायण विरुद्ध भारत सरकार’ (१९९७) हा निर्णय तपास यंत्रणांच्या स्वायत्ततेविषयी आहे, तर ‘सीबीआय विरुद्ध व्ही. सी. शुक्ल’ (१९९८) हा निर्णय खासगी हिशेबवहीतील नोंदींच्या पुराव्यादाखल असलेल्या मूल्याविषयी आहे.

हवाला पद्धत

हवाला ही बँकव्यवस्थेच्या बाहेर चालणारी, विश्वासावर आधारलेली पैसे पाठवण्याची पद्धत आहे. परदेशातील व्यक्ती तेथील दलालाकडे परकीय चलन जमा करते. त्या दलालाचा भारतातील सहकारी ठरलेल्या व्यक्तीला तेवढ्या किमतीचे रुपये रोख देतो. प्रत्यक्षात पैसा सीमा ओलांडत नाही. दोन दलालांमधील देणेघेणे पुढे उलट दिशेच्या व्यवहारांतून, मालाच्या फुगवलेल्या किंवा घटवलेल्या बिलांतून अथवा सोन्याच्या व्यवहारांतून मिटवले जाते. बँकेत व सरकारदरबारी या व्यवहाराची नोंद राहत नसल्यामुळे पैशाचा उगम शोधणे अवघड होते.

१९९० च्या सुमारास भारतात परकीय चलनावर कडक निर्बंध होते. परकीय चलन नियमन कायदा, १९७३ (फेरा) अन्वये असे व्यवहार हा फौजदारी गुन्हा होता. परदेशी कंपन्यांकडून कंत्राटांच्या बदल्यात मिळणारी दलाली, करचुकवेगिरीचा पैसा, तस्करीचा नफा आणि दहशतवादी संघटनांना मिळणारा निधी हे सर्व याच मार्गांचा आधार घेत असत. त्यामुळे एका प्रकारच्या व्यवहाराचा तपास करणाऱ्या यंत्रणेला त्याच वाटेवर दुसऱ्या प्रकारच्या व्यवहाराचे धागे सापडण्याची शक्यता होती. जैन हवाला प्रकरणाचा उलगडा नेमका असाच झाला.

पार्श्वभूमी व छापे

२५ मार्च १९९१ रोजी हिज्बुल मुजाहिदीन या संघटनेचा पदाधिकारी असल्याच्या संशयावरून एका व्यक्तीला दिल्लीत अटक झाली. काश्मीरमधील दहशतवादी गटांना परदेशातून येणारा पैसा हवालामार्गे पोहोचतो, असा पोलिसांचा संशय होता. या व्यक्तीच्या चौकशीतून हवाला दलालांची माहिती मिळाली आणि तपास सीबीआयकडे गेला.

त्याच तपासाच्या ओघात ३ मे १९९१ रोजी सीबीआयने सुरेंद्रकुमार जैन (एस. के. जैन), त्यांचे बंधू बी. आर. जैन व एन. के. जैन आणि त्यांचे कर्मचारी जे. के. जैन यांच्याशी संबंधित ठिकाणांवर छापे घातले. भारतीय व परकीय चलनाबरोबरच जे. के. जैन यांच्या दिल्लीतील साकेत येथील निवासस्थानातून दोन डायऱ्या, दोन लहान वह्या आणि दोन फायली जप्त करण्यात आल्या. जैन बंधूंचे निरनिराळे उद्योग होते. वीज क्षेत्रातील मोठे सरकारी प्रकल्प विशिष्ट कंपन्यांना मिळवून देण्यात त्यांनी मध्यस्थाची भूमिका बजावली, असे सीबीआयचे म्हणणे होते.

नोंदींचे स्वरूप

जप्त झालेल्या कागदपत्रांत एका बाजूला आलेल्या रकमा आणि दुसऱ्या बाजूला दिलेल्या रकमा होत्या. व्यक्तींची नावे बहुतांशी आद्याक्षरांनी आणि रकमा संक्षिप्त अंकांनी लिहिलेल्या होत्या. त्यामुळे कोणते अक्षर कोणत्या व्यक्तीचे आणि कोणता अंक किती रुपयांचा, हे तपास यंत्रणेला ठरवावे लागले.

प्राथमिक तपासात सीबीआयने पुढील निष्कर्ष काढले :

• नोंदींनुसार दिलेली एकूण रक्कम ६५ कोटी ४७ लाख रुपये होती.
• यांपैकी सुमारे ५३ कोटी ५० लाख रुपये परदेशातून हवालामार्गे बेकायदा आणलेले होते.
• रक्कम मिळाल्याची नोंद असलेल्या ११५ व्यक्तींमध्ये राजकीय नेते, सरकारी व सार्वजनिक उपक्रमांतील अधिकारी आणि जैन बंधूंचे मित्र यांचा समावेश होता.
• काही नेते नोंदीच्या काळात संसदेचे सदस्य होते.

हे सर्व तपास यंत्रणेने नोंदींना लावलेले अर्थ होते. नोंद करणारी व्यक्ती एका बाजूची होती आणि ज्यांच्या नावे रक्कम दाखवली होती त्यांची सही, पावती किंवा पोच कागदपत्रांत नव्हती. पुढे सर्व न्यायालयीन वाद याच मुद्द्याभोवती फिरला.

तपासातील दिरंगाई आणि जनहित याचिका

छापे पडले तेव्हा देशात लोकसभा निवडणुकीची धामधूम सुरू होती. त्याच महिन्यात राजीव गांधी यांची हत्या झाली आणि जूनमध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांचे सरकार सत्तेवर आले. डायऱ्यांत उल्लेख असलेल्या व्यक्तींविषयी मात्र दोन वर्षांहून अधिक काळ कोणतीही ठोस चौकशी झाली नाही. दहशतवादाच्या निधीचा तपास ज्या दलालांमार्फत पुढे गेला, त्यांच्याच मार्गाने पैसे घेतल्याचा संशय असलेल्या नेत्यांपर्यंत आल्यावर तो थांबला, अशी टीका वृत्तपत्रांतून झाली.

पत्रकार विनीत नारायण यांनी आपल्या ‘कालचक्र’ या हिंदी ध्वनिचित्रफीत वृत्तमालिकेतून हा विषय लावून धरला. ४ ऑक्टोबर १९९३ रोजी त्यांनी इतर याचिकाकर्त्यांसह सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. सीबीआय व महसुली यंत्रणा आपले कायदेशीर कर्तव्य बजावत नाहीत, आरोपी प्रभावशाली असल्यामुळे तपास दडपला जात आहे आणि त्यामुळे कायद्यापुढील समानतेच्या तत्त्वाला बाधा येते, असे याचिकेत म्हटले होते. ज्येष्ठ विधिज्ञ अनिल दिवाण यांनी या प्रकरणात न्यायमित्र म्हणून काम पाहिले.

सर्वोच्च न्यायालयाची देखरेख

तपास पूर्ण होण्यापूर्वीच अंतिम निर्णय दिला असता तर न्यायालयाचा आदेश कागदावरच राहण्याचा धोका होता. म्हणून न्यायालयाने याचिका निकाली न काढता वेळोवेळी आदेश देणे, तपासाच्या प्रगतीचे अहवाल मागवणे आणि पुढील तारीख देणे अशी पद्धत स्वीकारली. या पद्धतीस ‘निरंतर परमादेश’ असे म्हटले जाते. संबंधित व्यक्ती कितीही मोठ्या पदावर असली तरी तपास तार्किक शेवटापर्यंत नेला पाहिजे, असे न्यायालयाने यंत्रणांना बजावले.

न्यायालयाने आपल्या भूमिकेची मर्यादाही आखून घेतली. आरोपांच्या खरेखोटेपणावर कोणतेही मत देण्याचे त्याने टाळले. तपास यंत्रणा काम करतात की नाही, एवढेच पाहणे हा देखरेखीचा हेतू होता. एखाद्या आरोपीविरुद्ध आरोपपत्र दाखल झाले की त्या खटल्यापुरती देखरेख संपे आणि पुढील निर्णय संबंधित फौजदारी न्यायालयाकडे जाई.

या दबावानंतर ४ मार्च १९९५ रोजी सीबीआयने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ व फेरा यांच्या तरतुदींखाली जैन बंधू, काही लोकसेवक व इतरांविरुद्ध गुन्हा नोंदवला. म्हणजे कागदपत्रे हाती लागल्यापासून गुन्हा नोंदवला जाईपर्यंत जवळपास चार वर्षे लोटली.

आरोपपत्रे

१६ जानेवारी १९९६ रोजी सीबीआयने राजकीय नेत्यांविरुद्धच्या आरोपपत्रांचा पहिला टप्पा जाहीर केला. तीन विद्यमान केंद्रीय मंत्र्यांवर खटला चालवण्यासाठी राष्ट्रपतींची मंजुरी मागण्यात आली. फेब्रुवारी महिन्यात आणखी नेत्यांची नावे पुढे आली. प्रकरण अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे जाईपर्यंत आरोपपत्रांची संख्या ३४ झाली होती.

प्रत्येक खटल्यातील आरोपाचा साचा साधारण सारखा होता. जैन बंधूंनी बेहिशेबी पैसा मिळवून तो वाटण्याचा कट केला, वीज व पोलाद क्षेत्रांतील कंत्राटे परदेशी बोलीदारांना मिळवून देण्यासाठी वजन वापरले आणि संबंधित नेत्याने लोकसेवक असताना लाच स्वीकारली, असे त्यात म्हटले होते. अडवाणी यांच्याविरुद्धच्या आरोपपत्रात त्यांना २५ लाख आणि संसद सदस्य असताना ३५ लाख, असे एकूण ६० लाख रुपये मिळाल्याचा आरोप होता.

आरोपपत्रांत नावे आलेले प्रमुख राजकीय नेते

पुढील यादीत १९९६ च्या सुरुवातीस संबंधित व्यक्तीची असलेली ओळख दिली आहे. यांपैकी कोणावरही या प्रकरणात दोष सिद्ध झालेला नाही.

• लालकृष्ण अडवाणी : भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष व लोकसभा सदस्य.
• विद्याचरण शुक्ल : केंद्रीय मंत्री, काँग्रेस.
• बलराम जाखड : केंद्रीय कृषिमंत्री व लोकसभेचे माजी अध्यक्ष, काँग्रेस.
• माधवराव शिंदे : केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री, काँग्रेस, ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे वंशज.
• बूटासिंग : केंद्रीय मंत्री व माजी गृहमंत्री, काँग्रेस.
• कमलनाथ : केंद्रीय राज्यमंत्री, काँग्रेस.
• आर. के. धवन : केंद्रीय राज्यमंत्री, काँग्रेस.
• अरविंद नेताम : केंद्रीय राज्यमंत्री, काँग्रेस.
• मदनलाल खुराणा : दिल्लीचे मुख्यमंत्री, भारतीय जनता पक्ष.
• यशवंत सिन्हा : माजी केंद्रीय अर्थमंत्री, भारतीय जनता पक्ष.
• देवीलाल : माजी उपपंतप्रधान.
• शरद यादव : जनता दलाचे नेते.
• अर्जुनसिंग व नारायण दत्त तिवारी : काँग्रेसमधून फुटून निघालेल्या गटाचे नेते व माजी केंद्रीय मंत्री.
• आरिफ मोहम्मद खान : माजी केंद्रीय मंत्री.

डावे पक्ष वगळता त्या काळातील बहुतेक प्रमुख राष्ट्रीय पक्षांचे नेते या यादीत होते. त्यामुळे एका पक्षाने दुसऱ्यावर केलेल्या आरोपाचे स्वरूप या प्रकरणाला राहिले नाही आणि संपूर्ण राजकीय वर्गाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न निर्माण झाला.

राजकीय परिणाम

शुक्ल, जाखड व शिंदे यांनी जानेवारी १९९६ मध्ये मंत्रिपदांचे राजीनामे दिले. फेब्रुवारीत आणखी मंत्र्यांना मंत्रिमंडळाबाहेर पडावे लागले. दिल्लीत खुराणा यांच्या जागी साहिबसिंग वर्मा मुख्यमंत्री झाले.

अडवाणी यांनी लोकसभेचा राजीनामा देताना, न्यायालयाकडून निष्कलंक ठरेपर्यंत निवडणूक लढवणार नाही, अशी घोषणा केली. त्यानुसार ते १९९६ च्या निवडणुकीपासून दूर राहिले. त्यांच्या गांधीनगर मतदारसंघातून त्या वेळी अटलबिहारी वाजपेयी यांनी लखनौसोबत निवडणूक लढवली आणि दोन्ही ठिकाणी विजय मिळवला.

काँग्रेसने आरोपपत्रांत नावे असलेल्या नेत्यांना उमेदवारी नाकारली. पंतप्रधान राव यांनी पक्षांतर्गत प्रतिस्पर्ध्यांना या निमित्ताने बाजूला सारले, अशी टीका त्यांच्यावर झाली. शिंदे यांनी काँग्रेस सोडून मध्य प्रदेश विकास काँग्रेस हा पक्ष काढला आणि ग्वाल्हेरमधून लोकसभा निवडणूक जिंकली. छिंदवाडा येथे कमलनाथ यांच्याऐवजी त्यांच्या पत्नी अलका नाथ उभ्या राहिल्या व निवडून आल्या. १९९६ च्या निवडणुकीत काँग्रेसला १४० जागा मिळून तिची सत्ता गेली. १६१ जागा मिळवणारा भारतीय जनता पक्ष सर्वांत मोठा पक्ष ठरला, परंतु त्याचे सरकार तेरा दिवसच टिकले.

न्यायालयीन निर्णय

विशेष न्यायालय व उच्च न्यायालय

दिल्लीच्या विशेष न्यायाधीशांनी सप्टेंबर १९९६ मध्ये अडवाणी, शुक्ल व जैन यांच्याविरुद्ध आरोप निश्चित करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध आरोपी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ८ एप्रिल १९९७ रोजी न्यायमूर्ती मोहम्मद शमीम यांनी तो आदेश रद्द करून आरोपींना आरोपमुक्त केले. नोंदींवरून आरोप निश्चित करण्याइतकाही ग्राह्य पुरावा उभा राहत नाही, असे उच्च न्यायालयाचे मत होते. याविरुद्ध सीबीआयने सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

सीबीआय विरुद्ध व्ही. सी. शुक्ल (१९९८)

२ मार्च १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयची अपिले फेटाळली. निकालपत्र न्यायमूर्ती एम. के. मुखर्जी यांनी लिहिले. निर्णयाचा मुख्य आधार भारतीय पुरावा कायदा, १८७२ मधील कलम ३४ हा होता. व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या पुस्तकांतील नोंदी न्यायालयात प्रस्तुत ठरतात, परंतु केवळ तेवढ्यावरून कोणाही व्यक्तीवर दायित्व लादता येत नाही, असे हे कलम सांगते. न्यायालयाने या कलमाचे टप्प्याटप्प्याने विवेचन केले :

१. ‘पुस्तक’ म्हणजे काय : पाने एकत्र बांधलेली असून ती सहज काढता-घालता येऊ नयेत, असे न्यायालयाने मानले. त्यामुळे बांधीव वह्या ‘पुस्तक’ ठरल्या, मात्र फायलींमधील सुटे कागद या व्याख्येबाहेर गेले.

२. ‘व्यवसाय’ व ‘नियमितपणा’ : व्यवसाय या शब्दाचा अर्थ न्यायालयाने व्यापक घेतला. बेकायदा व्यवहारांचा हिशेब असला म्हणून ते हिशेबाचे पुस्तक ठरत नाही, असा युक्तिवाद त्याने मान्य केला नाही. जप्त वह्यांपैकी किमान एक वही हिशेबाचे पुस्तक म्हणून ग्राह्य धरता येईल, असे त्याचे मत पडले.

३. नोंदीचे वजन : नोंद प्रस्तुत ठरली, तरी ती खरी आहे हे दाखवणारा स्वतंत्र पुरावा लागतो. कोणी आपल्या वहीत दुसऱ्याच्या नावे रक्कम लिहिली, एवढ्यानेच ती त्या दुसऱ्याला पोहोचली हे सिद्ध होत नाही. तसे मानले तर कोणालाही दुसऱ्याविरुद्ध घरबसल्या पुरावा तयार करता येईल.

४. कबुली व कट : वहीतील मजकूर हा लिहिणाऱ्याविरुद्ध कबुली म्हणून वापरता येऊ शकतो, पण तिसऱ्या व्यक्तीविरुद्ध नाही. कटातील एका सहभागीची कृती दुसऱ्याविरुद्ध वापरण्याची मुभा देणारे कलम १० लागू करायचे, तर त्या दोघांत कट होता असे मानण्यास आधी वाजवी आधार हवा. असा आधार सीबीआयने दाखवला नाही.

अडवाणी यांच्याबाबत नोंदींना बळकटी देणारा स्वतंत्र पुरावा नव्हता. शुक्ल यांच्याबाबत त्यांची जैन कुटुंबाशी ओळख होती आणि ते त्यांच्याकडे गेले होते एवढेच दिसत होते, आणि ते पुरेसे नव्हते. लाच देणारा व घेणारा यांच्यातील कटाचा आरोप घेणाऱ्याविरुद्ध टिकला नाही, त्यामुळे या खटल्यांत जैन बंधूंवरील आरोपही टिकले नाहीत. इतर नेत्यांचे खटलेही अशाच कारणांनी संपुष्टात आले.

‘आरोपमुक्ती’ आणि ‘निर्दोष मुक्तता’ या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या संज्ञा आहेत. निर्दोष मुक्तता ही साक्षीपुरावे होऊन खटल्याच्या शेवटी होते. आरोपमुक्तीत खटला चालवण्याइतकी सामग्रीच नाही असे न्यायालय ठरवते. जैन हवाला प्रकरणात नेते आरोपमुक्त झाले. त्यामुळे पैशांचा उगम, ते कोणामार्फत व कोणत्या कामासाठी दिले गेले, या प्रश्नांची साक्षीपुराव्यानिशी छाननी झालीच नाही.

विनीत नारायण विरुद्ध भारत सरकार (१९९७)

जनहित याचिकेवरील अंतिम निर्णय १८ डिसेंबर १९९७ रोजी देण्यात आला. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती एस. पी. भरुचा व न्यायमूर्ती एस. सी. सेन यांचे हे खंडपीठ होते. त्याआधी सरकारने तपास यंत्रणांच्या रचनेचा विचार करण्यासाठी सप्टेंबर १९९७ मध्ये एक स्वतंत्र समिती नेमली होती. माजी कॅबिनेट सचिव बी. जी. देशमुख, एन. एन. व्होरा व एस. व्ही. गिरी हे तिचे सदस्य होते. तिच्या शिफारशींचा न्यायालयाने आधार घेतला. निर्णयातील प्रमुख निर्देश असे होते :

• ‘एकल निर्देश’ रद्द : सहसचिव व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांची चौकशी करण्यापूर्वी सीबीआयने सरकारची परवानगी घेतली पाहिजे, असा प्रशासकीय आदेश होता. तो अवैध ठरवण्यात आला.
• केंद्रीय दक्षता आयोगाला वैधानिक दर्जा देऊन सीबीआयच्या भ्रष्टाचारविषयक कामकाजावर देखरेखीची जबाबदारी त्याच्याकडे सोपवावी.
• सीबीआयच्या संचालकांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा आणि त्यांची निवड समितीच्या शिफारशीने व्हावी.
• सक्तवसुली संचालनालयाच्या संचालकांनाही किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा.

संसद कायदा करेपर्यंत हे निर्देश बंधनकारक राहतील, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

संस्थात्मक परिणाम

केंद्रीय दक्षता आयोगाला १९९८ मध्ये अध्यादेशाद्वारे आणि नंतर केंद्रीय दक्षता आयोग कायदा, २००३ द्वारे वैधानिक दर्जा मिळाला. त्याच कायद्याने सीबीआयच्या मूळ कायद्यात कलम ६-अ घालून रद्द झालेला एकल निर्देश पुन्हा आणला. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डॉ. सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर हे कलम समानतेच्या हक्काशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरवले. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ समाविष्ट झाले. त्यानुसार लोकसेवकाने अधिकृत कामकाजात घेतलेल्या निर्णयांशी संबंधित चौकशीसाठी सर्व दर्जांच्या लोकसेवकांबाबत पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली.

लोकपाल व लोकायुक्त कायदा, २०१३ नुसार सीबीआय संचालकांची निवड पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी नामनिर्देशित केलेले न्यायमूर्ती यांच्या समितीकडे आली. २०२१ मधील दुरुस्त्यांनी सीबीआय व सक्तवसुली संचालनालय यांच्या संचालकांचा कार्यकाळ एकेक वर्षाने वाढवून एकूण पाच वर्षांपर्यंत नेण्याची मुभा दिली. किमान कार्यकाळाची हमी स्वायत्ततेसाठी होती, तर टप्प्याटप्प्याच्या मुदतवाढीमुळे संचालक सरकारवर अवलंबून राहतो, असा आक्षेप या दुरुस्त्यांवर घेण्यात आला.

फेरा कायद्याची जागा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ (फेमा) या कायद्याने घेतली. त्यात चलनविषयक उल्लंघनांना मुख्यतः दिवाणी स्वरूप देण्यात आले. निरंतर परमादेशाचे तंत्र न्यायालयाने पुढे टूजी स्पेक्ट्रमसह इतर प्रकरणांत वापरले.

पुढील प्रकरणांवरील प्रभाव

शुक्ल खटल्यातील तत्त्व त्यानंतरच्या ‘डायरी’ प्रकरणांत वारंवार उद्धृत झाले. सहारा व आदित्य बिर्ला या उद्योगसमूहांच्या कार्यालयांतून जप्त झालेल्या कागदपत्रांत अनेक पक्षांच्या नेत्यांच्या नावांसमोर रकमा असल्याचे सांगून ‘कॉमन कॉज’ या संस्थेने विशेष तपासाची मागणी केली होती. ११ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. सुट्या कागदांवरील किंवा संगणकातील अशा नोंदींच्या आधारे उच्चपदस्थांविरुद्ध तपासाचा आदेश देता येणार नाही, असे न्यायालयाने शुक्ल निर्णयाच्या आधारे म्हटले. शुक्ल निर्णयाचा मुद्दा आरोप निश्चितीच्या वेळी लागणाऱ्या पुराव्याचा होता आणि तपास सुरू करण्यासाठी तो निकष लावणे योग्य नाही, अशी टीका या निर्णयावर काही विधिज्ञांनी केली.

जून २०२१ मध्ये पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी तत्कालीन राज्यपाल जगदीप धनखड यांचे नाव जैन हवाला प्रकरणात असल्याचा आरोप केला. धनखड यांनी तो फेटाळला आणि आपले नाव कोणत्याही आरोपपत्रात नव्हते, असे सांगितले. मूळ घटनेनंतर तीस वर्षांनीही या नोंदी राजकीय वादात वापरल्या जातात, हे यातून दिसते.

भारतीय पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली. कलम ३४ मधील तरतूद नव्या कायद्यात कलम २८ म्हणून कायम आहे.

मूल्यमापन

या प्रकरणाचे मूल्यमापन दोन परस्परविरोधी अंगांनी केले जाते. एका मतानुसार हे तपास यंत्रणेचे अपयश होते. कागदपत्रे मे १९९१ मध्ये हाती आली असताना गुन्हा १९९५ मध्ये नोंदवला गेला. लाचेचा रोख व्यवहार सिद्ध करण्यासाठी लागणारे साक्षीदार, खर्चाचे व मालमत्तेचे पुरावे आणि कंत्राटांच्या निर्णयप्रक्रियेतील दुवे वेळेवर गोळा न झाल्याने आरोपपत्रे जवळजवळ केवळ वह्यांवर उभी राहिली. न्यायालयाच्या देखरेखीमुळे आरोपपत्रे दाखल झाली, परंतु गेलेला वेळ व हरवलेला पुरावा त्या देखरेखीला परत आणता आला नाही.

दुसऱ्या मतानुसार आद्याक्षरांवरून ओळखल्या गेलेल्या व्यक्तींना खटला उभा राहण्यापूर्वीच राजकीय शिक्षा भोगावी लागली. आरोपपत्राची घोषणा निवडणुकीच्या तोंडावर झाली आणि आरोपमुक्तीचा आदेश त्यानंतर वर्षभराने आला. दरम्यान मंत्रिपदे, उमेदवाऱ्या आणि काही नेत्यांच्या राजकीय वाटचालीची दिशा बदलून गेली होती. अडवाणी १९९८ मध्ये गांधीनगरमधून पुन्हा लोकसभेवर निवडून आले व केंद्रीय गृहमंत्री झाले, आणि यशवंत सिन्हा अर्थमंत्री झाले. सर्वच नेत्यांना मात्र पूर्वीचे स्थान परत मिळाले नाही.

ज्या तपासातून हे प्रकरण निघाले, तो दहशतवादी निधीचा तपास मात्र राजकीय गदारोळात लोकांच्या दृष्टीआड गेला. आरोपपत्रांत नावे आलेल्या कोणत्याही नेत्याचा दहशतवादी संघटनांशी संबंध सिद्ध झाला नाही. तरीही लाचेचा पैसा आणि हिंसेचा पैसा एकाच दलालांच्या हातांतून जाऊ शकतो, ही या प्रकरणाने पुढे आणलेली बाब देशाच्या सुरक्षेच्या दृष्टीने गंभीर मानली जाते. भारतीय विधिशिक्षणात हे प्रकरण आजही जनहित याचिका, तपास यंत्रणांची स्वायत्तता आणि पुरावा कायदा या तिन्ही विषयांखाली अभ्यासले जाते.